रस्त्याकडेचा नाग

(पडद्यावर जुनं रंगीत पोस्टकार्ड. निळं आकाश, ताडामाडांची रांग आणि रस्त्याला लागून उभा असलेला काँक्रीटचा नाग.)

पस्तीस फूट उंच. म्हणजे तीन मजली घराएवढा. मायामीच्या दक्षिणेला, यूएस वन महामार्गाच्या कडेला हा नाग फणा काढून उभा होता. गाडी अजून लांब असतानाच मागच्या सीटवरच्या पोरांना तो दिसायचा. मग पुढे बसलेल्या वडिलांचं काही चालायचं नाही. गाडी थांबायची, तिकिटं निघायची.

या जागेचं नाव मायामी सर्पेंटेरियम. १९४७ साली सुरू झालं, १९८४ मध्ये बंद पडलं. सुट्टीत फ्लोरिडाला निघालेल्या अमेरिकी कुटुंबांसाठी ती वाटेत लागणारी एक गंमत होती. पण आपल्याकडे रात्री शेतावर कुणाला घोणस चावते, त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेतात, तिथल्या फ्रिजमधून एक छोटी बाटली बाहेर निघते. त्या बाटलीच्या इतिहासातला एक धागा या काँक्रीटच्या नागाच्या पायथ्यापर्यंत जातो. म्हणून ही गोष्ट मराठीत सांगावीशी वाटली.

त्या काळचा फ्लोरिडा आधी डोळ्यांसमोर आणू या. मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि उत्तरेकडची माणसं हिवाळ्यात उन्हाच्या ओढीने दक्षिणेला निघाली. प्रवास लांबचा, वेग कमी, मुलं कंटाळलेली. अशा रस्त्यावर गाडी थांबवायला लावेल अशी कुठलीही गोष्ट चार पैसे मिळवून द्यायची. सेंट ऑगस्टीनला १८९३ पासून ॲलिगेटरचं उद्यान होतं. सिल्व्हर स्प्रिंग्जला रॉस ॲलन १९२९ पासून साप दाखवत होते. १९३० च्या दशकात मायामीजवळ मंकी जंगल आणि पॅरट जंगल उभी राहिली. मंकी जंगलमध्ये माणसांनी जाळीच्या बोळातून चालायचं आणि माकडांनी बाहेर मोकळं हिंडायचं, अशी सोय होती. लांब उत्तरेला दक्षिण डकोटात १९३७ मध्ये रेप्टाइल गार्डन्स निघालं. ही झाली नावाजलेली ठिकाणं. बाकी शेकडो जागा बिननावाच्या होत्या. पेट्रोल पंपामागे एक पिंजरा, त्यात एक अस्वल आणि बाजूला थंड पेयाचा गाडा. त्या अस्वलांचं आयुष्य कसं गेलं असेल याचा विचार केला की आजही जीव कासावीस होतो.

या गर्दीत सर्पेंटेरियमचे मालक बिल हास्ट वेगळे का ठरले, हे कळायला त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल.

(पडद्यावर कृष्णधवल छायाचित्र. पांढऱ्या सदऱ्यातला सडपातळ माणूस, हातात नाग.)

जन्म ३० डिसेंबर १९१०, न्यू जर्सीतलं पॅटरसन गाव. सातव्या वर्षी पहिला साप पकडला. बाराव्या वर्षाच्या आसपास विषारी साप चावला, हात सुजला, पोरगा वाचला. त्यानंतर त्याने विषारी साप थेट घरी आणला, तेव्हा आई घर सोडून गेली आणि तीन दिवस फिरकली नाही. शेवटी तिनेच हार मानली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी बिल एका फिरत्या सापांच्या खेळाबरोबर फ्लोरिडात उतरले. नेमकी तेव्हा जागतिक मंदी आली. खेळ बुडाला, आणि हा तरुण एव्हरग्लेड्सच्या दलदलीच्या काठी एका हातभट्टीवाल्याकडे राहू लागला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. हातभट्टीवाल्याला पोलिसांनी पकडलं, पण तोवर दलदलीतला साप कुठे बसतो, कसा हलतो, कसा धरायचा, हे बिलच्या हाताला कळलं होतं.

पुढे ते विमानाचे मेकॅनिक झाले, पॅन अमेरिकन विमान कंपनीत लागले. दुसऱ्या महायुद्धात फ्लाइट इंजिनियर म्हणून आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका हिंडले आणि परतताना हत्यारांच्या पेटीतून साप आणत राहिले. पहिला नाग त्यांच्या हाती लागला तो याच फेऱ्यांमध्ये. तरीही ही माणसाची हौस म्हणून सोडून देता आली असती. पण त्यांच्या डोक्यात साप नव्हता, सापाचं विष होतं. इतक्या थोड्या थेंबांत इतकी ताकद असेल, तर ती कधी ना कधी औषधाच्या कामी येणारच, हा त्यांचा ध्यास.

१९४६ मध्ये त्यांनी यूएस वनला लागून जमीन घेतली. त्यासाठी राहतं घर विकलं. पत्नीला हे पटलं नाही, संसार मोडला. मुलगा वडिलांसोबत राहिला. दुसरी पत्नी क्लॅरिटा या कामात उतरली आणि जागा उभी राहिली.

पैसे येणार कुठून, हा खरा प्रश्न होता. शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाला विषाच्या संशोधनासाठी अनुदान कोण देणार? रस्त्यावरून जाणारी गाडी देणार. म्हणून तो पस्तीस फुटी नाग.

(पडद्यावर हातांचं जवळून दृश्य. आवाज थांबलेला.)

आता हे नीट पाहू या. हिरवळीवर एक टेबल. टेबलावर काचेचं भांडं, त्याच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बांधलेला. समोर तिकीट काढून आलेली माणसं. हास्ट हातमोजे घालत नसत. नाग फणा काढून उभा राहतो. त्यांचा डावा हात त्याच्या समोर हळूहळू फिरतो. नागाची नजर त्या हातावर खिळते, आणि उजवा हात मागून येऊन डोक्यामागची मान धरतो. पकड सैल पडली तर दात हातात, घट्ट झाली तर सापाच्या मानेला इजा. मग जबडा त्या रबरावर टेकवायचा. दात पडद्यातून आरपार जातात आणि काचेवरून एक पिवळसर थेंब ओघळतो. मागे दुसरा. एवढंच. साप पेटीत परत जातो आणि पुढचा बाहेर येतो.

असं ते दिवसाला ७० ते १०० वेळा करायचे. सुमारे ६० जातींच्या सापांचं विष त्यांनी अशा रीतीने काढलं. १९६५ च्या सुमारास तिथे ५०० च्या वर साप होते. कोरल स्नेक हा अमेरिकेतला छोटा, रंगीत पट्ट्यांचा साप. त्याच्यावरच्या औषधासाठी विष हवं होतं. जेमतेम अर्धा लिटर विष गोळा करायला हास्टना तीन वर्षं लागली आणि ६९,००० वेळा साप हातात धरावा लागला.

आपल्याकडच्या गारुड्याची टोपली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, निदान आपल्या आईवडिलांनी तरी. तिथला नाग बहुतेक वेळा दात काढलेला असे, तोंड शिवलेला असे, आणि काही आठवड्यांत मरत असे. खेळ संपला की नागाची गरज संपली. हास्टच्या जागी हे उलटं होतं. दात शाबूत आणि साप धडधाकट असेल तरच विष मिळणार. खेळ होता तो त्या कामाचा. तिकीट काढणाऱ्यांना थरार हवा होता आणि हास्टना थेंब. दोघांचं भागत होतं. वर्षाला सुमारे ५०,००० माणसं येत होती.

१९४८ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. पातळ केलेलं नागाचं विष स्वतःला टोचून घ्यायचं. आधी अगदी किंचित, मग मात्रा वाढवत न्यायची, म्हणजे शरीर हळूहळू विषाला तोंड द्यायला शिकेल. मुंबईकरांना यात काही ओळखीचं वाटेल. १० जानेवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत, वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. पण हाफकिननी ती लगेच इतरांवर तपासली, तिचे आकडे ठेवले. हास्टचा प्रयोग एकाच माणसावर, आयुष्यभर चालला. कुणीही त्याची नक्कल करू नये. हे मी कळकळीने सांगते, कारण इंटरनेटवर आजही असे वेडे प्रयत्न चालू असतात.

साप त्यांना चावले १७० हून जास्त वेळा. १९५४ मध्ये आपल्या मण्यारीचा आग्नेय आशियातला भाऊबंद चावला, १९६२ मध्ये नागराज. प्रत्येक वेळी ते उठून पुन्हा टेबलाशी आले. त्यांच्या रक्तात आता प्रतिविष तयार झालं होतं, आणि जिथे औषधच नव्हतं तिथे डॉक्टर त्यांना बोलावून घेत. एकदा व्हेनेझुएलाच्या जंगलात जाऊन त्यांनी साप चावलेल्या मुलाला आपलं रक्त दिलं. तो वाचला, आणि त्या देशाने हास्टना मानद नागरिकत्व दिलं. त्यांच्या रक्तामुळे जगलेल्यांची संख्या वीसच्या वर सांगतात.

प्रतिविषाच्या कारखान्यात घोड्याला हेच करतात. थोडं थोडं विष टोचतात, मात्रा वाढवतात, मग त्याच्या रक्तातून प्रतिविष वेगळं काढतात. हास्टनी घोड्याच्या जागी स्वतःला उभं केलं होतं.

मोठं औषध सापडावं ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. नागाच्या विषाचा पोलिओवर उपयोग होतो का, यावर मायामी विद्यापीठाबरोबर काम झालं. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली आणि तो विषय मागे पडला. १९७० च्या दशकात विषापासून केलेलं प्रोव्हेन नावाचं इंजेक्शन मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे आणि संधिवाताचे हजारो रुग्ण घेऊ लागले. अनेकांनी बरं वाटल्याचं सांगितलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते थांबवलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. बरं वाटणं आणि बरं झाल्याचं सिद्ध होणं यांत फार अंतर असतं, आणि आजारी माणसाकडून त्या अंतराचे पैसे घेऊ नयेत.

(पडद्यावर रिकामा हौद. भिंत. पानं पडलेली.)

आता ३ सप्टेंबर १९७७.

सर्पेंटेरियममध्ये सापांबरोबर एक मोठी मगर होती. कुकी तिचं नाव. प्रेक्षकांसाठीच ठेवलेली. तिचं विष निघत नाही आणि संशोधनातही तिचा काही भाग नव्हता. सुट्टीचा शनिवार होता. सहा वर्षांचा एक मुलगा मगरीच्या खड्ड्याभोवतीच्या भिंतीवर बसला होता. तो आत पडला. माणसं धावली, त्याला सोडवायची धडपड झाली, पण मूल हाती लागलं नाही.

त्यानंतर हास्टनी स्वतः पिस्तूल घेऊन त्या मगरीला गोळ्या घातल्या.

त्या मुलाचं नाव मी इथे घेणार नाही. पण या गोष्टीत त्याचा उल्लेख घाईघाईने उरकून पुढेही जाणार नाही. सापांच्या टेबलाशी हास्टनी चूक केली तर ती त्यांच्या हाताला भोगावी लागायची. मगरीच्या खड्ड्यापाशी तसं नव्हतं. ज्या भिंतीवर मूल बसू शकतं ती भिंत पुरेशी नव्हती. आणि मगर मगरीसारखी वागली, तिचा दोष काय? गाड्या थांबाव्यात म्हणून आणलेलं जनावर होतं ते. हास्टबद्दल मला अतोनात आदर आहे. तरी त्या भिंतीचा हिशेब त्यांच्याच जागेच्या नावावर राहतो.

जागा लगेच बंद झाली नाही, पण त्या दिवसानंतर ती पूर्वीसारखी राहिली नाही. रस्त्याचंही रूप पालटलं होतं. १९७१ मध्ये ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड उघडलं. नवे आंतरराज्य महामार्ग झाले, त्यांवरून गाड्या गावांना बगल देऊन भरधाव जाऊ लागल्या. जुन्या रस्त्यावरचं एकेक ठिकाण मिटत गेलं. १९८४ मध्ये सर्पेंटेरियम बंद झालं. हास्ट युटामध्ये गेले, १९९० मध्ये फ्लोरिडाच्या पंटा गोर्डात परतले आणि पुन्हा विष काढू लागले. या वेळी समोर प्रेक्षक नव्हते. २००३ मध्ये मलायन पिट व्हायपर चावला, एक बोट गेलं, तेव्हा त्र्याण्णवाव्या वर्षात त्यांनी विषारी साप हाताळणं सोडलं. १५ जून २०११ रोजी, शंभर वर्षांचे होऊन ते गेले.

आता तो धागा.

(पडद्यावर मद्रासचा समुद्रकिनारा, वाळू, सुरूची झाडं.)

१९६३ च्या सुमारास सर्पेंटेरियममध्ये विशीतला एक तरुण कामाला लागला. रोम्युलस व्हिटेकर. जन्माने अमेरिकी, पण लहानपणीच मुंबईत आलेला. आईने लग्न केलं होतं ते कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या मुलाशी. शिक्षण कोडाईकनालच्या शाळेत, तिथे याने खाटेखाली अजगर पाळलेला. अमेरिकेतल्या कॉलेजात मन रमलं नाही, ते मायामीत रमलं. विषारी साप न दुखवता कसा धरायचा, विष कसं काढायचं, कसं साठवायचं, हे दोन वर्षं हास्टजवळ पाहून, करून तो शिकला. मग सक्तीची लष्करी भरती आली, ती संपवून १९६७ मध्ये तो बोटीने मुंबईला उतरला.

व्हिटेकरांनी मद्रासजवळ सेलय्यूरला छोटं सर्पोद्यान काढलं. १९७२ मध्ये ते शहरात गिंडीला आलं. मॉडेल ओळखीचं आहे. लोक तिकीट काढून साप बघायला येतात, आणि त्या पैशावर काम चालतं. १९७६ मध्ये महाबलीपुरमच्या रस्त्यावर, वडनेम्मेलीला मगर संवर्धन केंद्र सुरू झालं. रस्त्याकडेचंच ठिकाण, पण आता देशातल्या संपत चाललेल्या मगरी वाढवण्यासाठी.

मद्रासच निवडण्याचं एक कारण होते इरुला. साप शोधण्यात या आदिवासींचा हात जगात कुणी धरणार नाही. मातीवरची पुसट रेघ, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, यांवरून आत कोण आहे हे त्यांना कळतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं पोट सापाच्या कातड्यावर चालत होतं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, मग कातड्यांचा व्यापार बंद पडला. साप वाचले, इरुला उपाशी राहिले. व्हिटेकरांनी त्यांच्याबरोबर १९७८ मध्ये सहकारी संस्था उभी केली. साप मारायचा नाही. पकडायचा, विष काढायचं, सोडून द्यायचा.

मगर केंद्राच्या आवारात आजही ते बघता येतं. मातीची मडकी ओळीने मांडलेली, निम्मी वाळूने भरलेली, तोंडाला सुती कापड बांधलेलं. प्रत्येक मडक्यात साप. तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढायचं. मग पोटाच्या खवल्याला छोटी खूण करून साप रानात सोडायचा, म्हणजे तोच लगेच पुन्हा पकडला जाणार नाही. काचेचं भांडं इथेही आहे. मायामीत हिरवळीवर जे घडत होतं तेच इथे लुंगी नेसलेली माणसं करतात, आणि भोवती शाळेच्या सहली श्वास रोखून उभ्या असतात.

इथे जमणारं विष चार सापांचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. वाळवून त्याची भुकटी होते आणि ती देशभरातल्या प्रतिविष बनवणाऱ्या संस्थांकडे जाते. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेकडेही गेलेली आहे. घोडे, मग रक्तद्रव, मग बाटली. तुमच्या तालुक्याच्या फ्रिजमधली बाटली. पांढरी भुकटी, त्यात १० मिलिलिटर पाणी घालायचं आणि सलाइनमधून द्यायची.

या बाटलीत एक उणीवही आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तमिळनाडूच्या घोणशीच्या विषावर केलेलं औषध दुसऱ्या टोकाच्या घोणशीवर तितकं चालेलच असं नाही. ठिकठिकाणचं विष गोळा करायला हवं, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, शेतातली, अनवाणी.

पुण्यातही गर्दी खेचण्याचीच वाट होती. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले. लोक रांगा लावून आले. विक्रम त्यांच्या नावावर लागला, पण त्यांना दाखवायचं होतं ते इतकंच की, डिवचल्याशिवाय साप चावत नाही. पुढे १९८६ मध्ये सातारा रस्त्यावर कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी घोणस आणि अजगर यांतला फरक तिथल्या काचेला नाक लावून शिकलेला आहे. मीही तिथेच शिकले.

आणि आता फ्लोरिडा, पुन्हा एकदा.

(पडद्यावर एव्हरग्लेड्स. गवत आणि पाणी, क्षितिजापर्यंत.)

परदेशी प्राणी पाळायच्या आणि विकायच्या हौसेची किंमत तिथल्या दलदलीने मोजली. आशियातले बर्मी अजगर घरोघर विकले गेले. मोठे झाले तसे काही सोडून दिले गेले, काही निसटले. आज एव्हरग्लेड्समध्ये ते जागोजाग आहेत आणि रॅकून, ससे, पक्षी फस्त करत आहेत. २०१६ मध्ये राज्याने अजगर पकडायची स्पर्धा लावली. हजाराहून जास्त माणसं महिनाभर फिरली आणि १०६ अजगर मिळाले.

जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतून दोन इरुला फ्लोरिडात पोचले. मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल. दोघेही पन्नाशीचे. इंग्रजी येत नव्हतं, सोबत दुभाषे होते. बाकीचे शिकारी गाडीतून रस्त्याच्या कडा बघत फिरायचे. हे दोघे खाली उतरले आणि थेट झुडपांत शिरले, जमीन बघत.

पहिल्या आठ दिवसांत १३ अजगर.

२०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. पण मला सारखी आठवते ती त्या आठवड्यातली एक जागा. मायामीहून यूएस वनने दक्षिणेला निघालं, जिथे तो काँक्रीटचा नाग उभा होता तिथून पुढे जात राहिलं, की की लार्गो बेट लागतं. तिथे लष्कराचा एक जुना, पडीक क्षेपणास्त्र तळ आहे. तळाच्या काँक्रीटखाली एक अंधारी पोकळी. इरुला तिच्या तोंडाशी थांबले, आत बघितलं आणि कामाला लागले. चार अजगर निघाले. त्यांतली मादी १६ फुटांची होती.

(पडद्यावर गाडीच्या पुढच्या काचेतून दिसणारा यूएस वन. दोन्ही बाजूंना पाणी. आवाज फक्त वाऱ्याचा.)